सासरे-जावयांचं छत

तो दातांच्या कवळ्या बनवायचा. दवाखान्यात नव्हे. दवाखाने वेगळे, तिथं माप घेऊन प्लास्टरचे साचे पाठवणारे डॉक्टर वेगळे. हा बसायचा एका इमारतीच्या मागच्या अंगाला, लांबट खोलीत, खिडकीखालच्या टेबलाशी. साच्यावर मेण चढवायचं, मेणात एकेक दात बसवायचा, वरची ओळ खालच्या ओळीवर नीट टेकते का ते बघायचं. ज्यांच्या तोंडात ते दात जायचे त्यांची आणि त्याची कधी गाठ पडत नसे. कुणा म्हाताऱ्याला त्याच्या कवळीनं पुन्हा सफरचंद खाता आलं तर ते याच्या कानावर यायचं नाही. कवळी टोचली तर मात्र ती लगेच परत यायची. ओळखीपाळखीचे त्याला कवळीवाला म्हणत. त्याला त्याचं काही नव्हतं. एकूणच त्याला कशाचं फारसं काही नसायचं, आणि लोक तेच कौतुकानं सांगत. गरीब स्वभाव, आवाज नाही, कटकट नाही.

बायको चष्म्याच्या दुकानात नोकरीला होती. एका सकाळी ती बॅग घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तो अंडी उकडत होता.

"मी जातेय," ती म्हणाली. "दुकानाजवळ खोली घेतलीय. परत येणार नाही. तुझ्यावर राग नाही माझा."

"बरं," तो म्हणाला. एवढं पुरेसं नाही असं त्याला वाटलं असावं, म्हणून त्यानं विचारलं, "किल्ली घेतलीस का?"

तिनं बॅग खाली ठेवली. मग खिशातली किल्ली काढून तिनं फ्रिजवर ठेवली आणि ती जिना उतरून गेली. अंडी झाली होती. त्यानं गॅस बंद केला, दोघांची अंडी एकट्यानं खाल्ली आणि तो कामाला गेला.

मध्ये दुसरा कुणी नव्हता. भांडण नव्हतं, दारू नव्हती. त्यामुळे बोलायला येणाऱ्यांची पंचाईत व्हायची, कुणाची बाजू घ्यायची तेच कळायचं नाही. त्याच्या शेजारच्या टेबलावर मेणाचं काम करणाऱ्या बाई होत्या. त्यांनी एकदा त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "अहो, रडून घ्या एकदा. साचून राहिलेलं बरं नसतं." तो मुकाट्यानं बाथरूममध्ये गेला, कडी लावली आणि आरशात बघत उभा राहिला. काही होईना. मग त्यानं नळ सोडला, तोंड धुतलं आणि बाहेर आला. ओलं तोंड बघून बाईंचं समाधान झालं. त्यांनी डब्यातलं बिस्किट काढून त्याच्या हातावर ठेवलं. ते त्यानं खाल्लं. त्या दिवशीही त्याची कवळी नेहमीसारखीच बिनचूक झाली.

झोपायच्या खोलीत मात्र तो जाईना. ठरवून असं नाही. पहिल्या रात्री टीव्ही बघता बघता सोफ्यावरच डोळा लागला, दुसऱ्या रात्रीही तसंच झालं. मग उशी बाहेर आली, मग पांघरूण आलं, आणि खोलीचं दार नुसतं लोटलेलं राहिलं.

त्याचे सासरे दर रविवारी जेवायला येत. जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले, सासूबाई जाऊन बरीच वर्षं झालेली. देह असा की दारातून आत येताना दारालाच संकोच वाटावा. जेवायचं, मग जावयाच्या खोलीत पलंगावर ताणून द्यायची, उठल्यावर चहा घ्यायचा आणि बस पकडायची, हा त्यांचा रिवाज. मुलगी गेल्यावर एक रविवार ते आले नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी बेल वाजली. हातात संत्र्यांची पिशवी घेऊन ते दाराबाहेर उभे होते.

"येऊ ना?" त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदाच आला होता.

"या की बाबा."

जेवताना मोठी अडचण झाली ती हाक मारण्याची. लग्न झाल्यापासून ते त्याला थट्टेनं "जावईबापू" म्हणायचे. आता तो शब्द तोंडापर्यंत यायचा आणि माघारी फिरायचा. "अहो, हे, जरा मीठ द्या," असं करत त्यांनी जेवण उरकलं. मग सवयीनं उठले आणि लोटलेलं दार ढकलून खोलीत जाऊन आडवे झाले. थोड्या वेळानं घोरणं सुरू झालं, मग ते एकदम थांबलं आणि जोराचा ठसका ऐकू आला.

"अहो, इकडे या! लवकर या!"

तो धावत गेला. सासरे पलंगावर उठून बसले होते आणि जीभ बाहेर काढून बोटानं काहीतरी निपटत होते. छताच्या रंगाचा पापुद्रा निघून थेट त्यांच्या उघड्या तोंडात पडला होता.

"तुमचं छत खाल्लं मी," ते म्हणाले. "वर बघा जरा. काय अवस्था आहे ही!"

त्यानं वर बघितलं. घर शेवटच्या मजल्यावरचं, उन्हानं छताला बारीक भेगा गेलेल्या, रंग जागोजाग सुटून लोंबत होता. हे सगळं त्यानं पूर्वी पाहिलंच असणार. आता पाहूनही त्याच्या मनात काही आलं नाही.

"रंग मारून भागायचं नाही," सासरे म्हणाले. "भेगा पुन्हा वर येतात. याला कागद हवा, भिंतींना चिकटवतात तसला, चांगला जाडसर. माझ्या थोरल्या भावानं लावला होता घरी. पुढच्या रविवारी लावू आपण."

"राहू दे ना बाबा."

"राहू दे कसं? उद्या झोपेत तुमच्याही तोंडात घास पडेल."

मी तिथं झोपतच नाही, हे त्यानं सांगितलं नाही. नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं, हो म्हणायला काहीच लागत नव्हतं. तो हो म्हणाला.

शनिवारी दोघं वॉलपेपरच्या दुकानात गेले. दुकानदार सडपातळ, बडबड्या.

"छताला? घरच्या घरी? दोघंच?" त्यानं एकदा सासऱ्यांकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं. "भिंतीला लावणं वेगळं. छताचा कागद खाली यायला टपलेला असतो. एकानं लावायचा, दुसऱ्यानं झाडूनं वर धरायचा. स्वच्छ झाडू घ्या हं, घरातला नको. हे तुमचे वडील का?"

"सासरे," तो म्हणाला.

सासऱ्यांना खोकला आला. ते नमुन्यांचं जाड पुस्तक उलटायला लागले. फुलं, रेघा, ढग, चांदण्या. "हा कसा वाटतो?" ते दर पानावर विचारत, आणि तो दर पानावर "चांगला आहे" म्हणे. शेवटी त्यांनीच एक पांढरट, वाळूसारखा खरखरीत दिसणारा निवडला.

"एकदा बाईसाहेबांना दाखवून घ्या," दुकानदार म्हणाला. "सतरा वेळा सांगतो मी लोकांना. एकदा गुंडाळी सोडली की बदलून मिळत नाही."

"बाईसाहेबांना चालेल," सासरे ठासून म्हणाले. बाहेर आल्यावर गुंडाळ्या काखेत मारून ते चालू लागले. मग म्हणाले, "मी असं का बोललो कुणास ठाऊक." तो म्हणाला, "असू दे." तो विषय तिथंच संपला.

रविवारी त्यांनी पलंग उभा करून बैठकीत आणला, कपाटावर जुन्या चादरी टाकल्या आणि छत खरवडायला घेतलं. रंगाची भुकटी दोघांच्या केसांत, भुवयांत बसली. भेगांत पुट्टी भरून, ती वाळल्यावर काचकागदानं घासून तो स्टुलावरून उतरला तेव्हा सासरे म्हणाले, "आपण दोघंही पिठाच्या डब्यातून निघालोय." मग उसने आणलेले दोन लाकडी घोडे समोरासमोर ठेवून त्यांवर फळी टाकली. खडू लावलेली दोरी छताला ताणून धरली, ती टिचकी मारून सोडली आणि खिडकीशी समांतर अशी सरळ निळी रेघ उमटली. पहिला पट्टा त्या रेघेला धरून लावायचा होता.

खळ त्यानं कालवली. गुठळी होऊ न देता कालवणं त्याच्या हातातलंच होतं. जमिनीवर कागद उलटा पसरून त्यावर खळ लावली, जरा मुरू दिली, मग ओला पट्टा कागदी पंख्यासारखा घड्या घालून दुमडून घेतला. तो फळीवर चढला आणि कोपऱ्यापासून लावत निघाला. सासरे खालून झाडूनं घड्या वर धरून त्याच्याबरोबर सरकत होते. निम्म्या खोलीपर्यंत सगळं झकास झालं. मग मागच्या कोपऱ्यातून फट्‌ असा आवाज आला, आणि सुटलेला कागद सोललेल्या सालीसारखा परत येत येत सासऱ्यांच्या डोक्यावर पडला, खांद्यांवर बसला आणि गुडघ्यांपर्यंत लोंबला.

ओल्या कागदातून आवाज आला, "जावईबापू, दिवे गेले का?"

तो शब्द त्यांच्याही कानावर पडला असावा, कारण कागदाखाली एकदम शांतता झाली. त्यानं खाली उतरून पट्टा सोडवला. झालं ते गमतीचं आहे हे त्याला समजत होतं. हसायला हवं हेही समजत होतं. त्यानं ओठ जरा ताणले.

"खळ कमी पडली कोपऱ्यात," तो म्हणाला.

दुसऱ्या प्रयत्नात पट्टा बसला. मग त्याच्या कडेला दुसरा, त्याच्या कडेला तिसरा. हाताला काम समजलं तसं बोलणं सुरू झालं. दोघांची तोंडं छताकडे होती, एकमेकांचा चेहरा दिसत नव्हता. सासऱ्यांना तेच सोयीचं वाटलं असेल.

"एक विचारू?" ते खालून म्हणाले. "तुम्ही तिला काही टाकून बोललात का?"

"नाही बाबा."

"हात वगैरे..."

"नाही हो."

"मग गेली का ती?"

तो ब्रशनं बुडबुडा कडेला ढकलत होता. "मी विचारलं नाही."

झाडू थांबला. "विचारलं नाही म्हणजे?"

"नाही विचारलं."

"अहो, दुकान बंद दिसलं तरी माणूस शेजाऱ्याला विचारतो, का बंद आहे म्हणून! बायको घर सोडून गेली आणि तुम्ही विचारलं नाही?"

"विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं," तो म्हणाला. "मग ते ऐकावं लागलं असतं."

सासऱ्यांनी झाडू भिंतीला टेकवला. ते तणतणत म्हणाले, "उतरा खाली. पुढचा पट्टा मी लावतो. तुम्ही धरा झाडू." तो नको नको म्हणत असताना ते फळीवर चढले. दोन्ही हात वर, मान मागे, डोळे छताला. थोडा वेळ त्यांनी नेटानं लावलं. मग ते म्हणाले, "खोली का फिरतेय ही?" आणि ब्रशसकट फळीवरून कोसळले. तो मध्ये आला म्हणून डोकं वाचलं. मनगट मात्र देहाखाली सापडलं आणि बघता बघता टम्म फुगलं.

आता फोन करणं भाग होतं. बायको गेल्यापासून त्यानं तिला एकदाही फोन केला नव्हता. नंबर लावला तेव्हा हात थरथरतील असं त्याला वाटलं होतं. ते थरथरले नाहीत.

"बाबा पडलेत. शुद्धीवर आहेत. मनगट गेलंय बहुतेक. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेतोय."

"आले," ती म्हणाली.

ती दुकानाच्या कपड्यांतच आली. हाड मोडलं होतं. डॉक्टर प्लास्टर घालत असताना ती वडिलांचा दुसरा हात धरून बसली. तो मात्र प्लास्टर बघत होता, जरा पातळ कालवलंय असं त्याला वाटलं. बाहेर पडल्यावर प्रश्न आला, यांना ठेवायचं कुठं? त्यांच्या घरी कुणी नव्हतं. तिची खोली एवढीशी, त्यात शिडीसारखा जिना.

"माझ्याकडे राहतील," तो म्हणाला.

तिनं त्याच्याकडे बघितलं. "तुला चालेल?"

"चालेल की."

"मला कुणी विचारणार आहे का?" सासरे म्हणाले. पण गोळीची गुंगी होती, त्यांनी फार ताणलं नाही.

अशा रीतीनं मुलगी सोडून गेलेल्या घरात तिचे वडील राहायला आले. तो सकाळी त्यांच्या शर्टाची बटणं लावून द्यायचा, भाजी बारीक चिरून ठेवायचा आणि कामाला जायचा. संध्याकाळी दोघं टीव्हीवर बातम्या बघायचे. सासरे निवेदकाशी वाद घालायचे, तो ऐकायचा. सासऱ्यांची सोय सोफ्यावर आणि त्याची खाली गादीवर, कारण खोलीत अजून घोडे, फळी आणि अर्धं उघडं छत तसंच होतं. ती एक दिवसाआड येऊन वडिलांना बघून जायची. बेल वाजवायची. किल्ली फ्रिजवरच होती.

पुढच्या रविवारी ती आली तेव्हा सासऱ्यांनी सुनावलं, "ते अर्धवट काम मला बघवत नाही. कर गं वर झाडू. मी बसतो इथं खुर्चीवर."

तिनं बाह्या वर सारल्या. राहिलेले पट्टे दोघांनी लावले. सासरे गळ्यात हात अडकवून खुर्चीत बसले होते आणि हुकूम सोडत होते, "चला, पुढे सरका. दाराकडे जागा आहे. डावीकडे घ्या, अजून घ्या, बस." दिव्याच्या जागी कागदाला चांदणीसारखी चीर देऊन वायर बाहेर काढायची होती. तिनं न सांगता कात्री वर दिली आणि त्यानं न बघता घेतली. इतक्या वर्षांची सवय होती, ती गेली नव्हती.

"आता बोल," सासरे मुलीला म्हणाले. "हे विचारत नाहीत, म्हणून मी विचारतो. का गेलीस?"

तो फळीवर होता, ती खाली झाडू धरून. तिनं झाडू जरा पुढे सरकवला.

"मागच्या वर्षी मला तो मोठा ताप आला होता ना बाबा," ती म्हणाली. "हा वेळच्या वेळी औषध आणून ठेवायचा. पाण्याचा पेला, त्यावर बशी झाकलेली. सूप. सगळं. आणि खोलीतून निघून जायचा. कसं वाटतंय, एवढं एकदा विचारेल म्हणून मी पडल्या पडल्या वाट बघायचे. मग एके दिवशी मी वाट बघेनाशी झाले. ताप उतरला, कामाला लागले, पण ते काही परत आलं नाही."

"औषध एकदाही चुकलं नव्हतं," तो वरून म्हणाला.

"नाही," ती म्हणाली. "एकदाही नाही."

ती चिडली नव्हती, आणि तिला त्याला दुखवायचंही नव्हतं. हे आपल्याला लागायला हवं, हे त्याला कळलं. तो क्षणभर थांबला, लागतंय का ते बघायला. दंड भरून आले होते आणि मानेत कळ होती, बाकी काही सापडलं नाही. त्यानं शेवटचा पट्टा भिंतीला टेकवला आणि जास्तीचा कागद कापून टाकला.

काम तसं बरं झालं. मधल्या एका सांध्यात केसभर फट राहिली, ती सासऱ्यांच्या मते त्यांचा हात मोडल्यामुळेच राहिली होती. तिनं हात धुतले, चहा घेतला आणि ती गेली. पुढे बऱ्याच महिन्यांनी कागदोपत्री वेगळं होणंही असंच शांतपणे पार पडलं. सह्या झाल्यावर ती म्हणाली, "काळजी घे," आणि तो म्हणाला, "तूही."

त्या रविवारीच पलंग खोलीत परत गेला. त्यावर सासरे झोपायला लागले, तो सोफ्यावर. सासरे रोज सकाळी सांगत, "काल काहीही पडलं नाही तोंडात." मेणवाल्या बाईंनी एकदा विचारलं, "घरी कोण असतं हल्ली?" तो म्हणाला, "सासरे असतात." बाईंनी डबा उघडून आणखी एक बिस्किट त्याच्या हातावर ठेवलं.

प्लास्टर निघालं. मनगट बारीक आणि फिकट झालं होतं, पण वळत होतं. सासऱ्यांनी त्याच दिवशी कपड्यांची पिशवी भरली. तो त्यांना पोचवायला थांब्यापर्यंत गेला. पिशवी त्याच्याच हातात होती. बस लांबून दिसली तेव्हा तो म्हणाला, "बाबा, राहा ना."

"आँ?"

"राहा म्हणतोय. इथंच."

सासरे म्हणाले, "कशाला?"

कारण त्यानं तयार ठेवलं नव्हतं. "राहिलात तर बरं," एवढंच तो म्हणाला.

सासऱ्यांनी बऱ्या झालेल्या हातानं त्याच्या हातातली पिशवी घेतली. "नाही हो जावईबापू," ते म्हणाले. "माझं घर आहे, कुंड्या आहेत. झाडं वाळून काड्या झाल्या असतील एव्हाना. रविवारी येतोच आहे ना मी?" बस थांबली. दोन पायऱ्या चढून ते मागे वळले. "आणि त्या खोलीत झोपत जा. एवढं छत कुणासाठी केलं?"

पुढच्या बाकावर बसून ते ड्रायव्हरशी लगेच काहीतरी बोलायला लागले, बहुधा गिअरबद्दल. बस गेली. तो तिथंच उभा राहिला. काही वेळानं दुसरी बस आली, दार उघडलं, तिच्या ड्रायव्हरनं विचारलं, "येताय का?"

"नाही," तो म्हणाला. "असाच उभा आहे."

दार मिटलं. घराकडे चालताना त्याला घसा दाटल्यासारखा वाटला, आवंढा गिळताना काहीतरी अडत होतं. सर्दी होणार, असं त्यानं गृहीत धरलं. घरी आल्या आल्या त्यानं पाणी गरम केलं, त्यात मीठ घातलं आणि बेसिनपाशी उभं राहून गुळण्या केल्या.